हवाई छत्री आणि वैमानिकाचा हात

१९९८ साली अमेरिकेत सिरस कंपनीच्या 'एसआर-२०' या लहान विमानास सरकारी मान्यता मिळाली, तेव्हा त्याच्या पाठीत दडविलेल्या हवाई छत्रीकडे पुष्कळ मुरलेल्या वैमानिकांनी नाक मुरडूनच पाहिले. छतातील मूठ ओढली की अग्निबाण सुटतो, छत्री उलगडते आणि अवघे विमान प्रवाशांसह तिच्या आधाराने खाली येते. अशी सोय हाताशी असली म्हणजे माणूस नको त्या हवेत विमान घालील, हा त्यांचा आक्षेप. तो अगदीच पोकळ नव्हता. आरंभीच्या दशकात या विमानांच्या अपघातांचा हिशेब काही इतरांहून उजळ दिसला नाही.

परंतु त्या मृत्यूंकडे बारकाईने पाहता आम्हांस निराळेच दिसते. कित्येक वैमानिक डोक्यावरील मूठ न ओढताच मेले. ढगांत दिशा हरपली, इंजिन बंद पडले, तरी विमान सावरण्याचा हट्ट सुटेना. आणि सुटला तेव्हा उंची उरली नव्हती. सरळ उड्डाणातही छत्री सावरून धरीपर्यंत सुमारे ४०० फूट जातात, गिरकीत सापडल्यास ९२० फूट! मूठ ओढणे म्हणजे हार आणि किमती यंत्राची नासाडी, ही समजूत मनात घर करून बसली होती. यंत्राचा विमा असतो, हा साधा व्यवहार त्या क्षणी कोणास आठवावा?

२०११ च्या सुमारास शिक्षणाचा रोख बदलला. मूठ अखेरीस नव्हे, वेळीच ओढा, असे शिकविले जाऊ लागले आणि पुढील काही वर्षांत प्राणघातक अपघात लक्षणीय घटले. छत्री तीच होती. २०१५ साली हवाई बेटांनजीक इंधनाची अडचण आलेल्या वैमानिकाने भर समुद्रावर ती उघडली. विमान गेले, तो वाचला.

ही छत्री म्हणजे अमरपट्टा नव्हे. ती उघडल्यावर विमान वारा नेईल तिकडे जाते. न उडालेला अग्निबाण मदतीस धावणाऱ्यांच्या जिवावर उठू शकतो. २०१० मध्ये कोलोरॅडोत आकाशातील टकरीनंतर एक विमान छत्रीखाली जळतच खाली आले. दर दहा वर्षांनी ती बदलण्याचा खर्चही थोडाथोडका नाही. तरीही आमचा कौल छत्रीच्या बाजूनेच आहे, मात्र एका अटीवर. अशा विमानाचा वैमानिक तयार करताना उतरण्याची परीक्षा घेतात, तशीच मूठ कोणत्या उंचीवर आणि कोणत्या प्रसंगी ओढावी याचीही परीक्षा घेतली जावी, आणि तीत जो कचरेल त्याच्या हाती प्रवासी देऊ नयेत.