शांततेचे अर्थशास्त्र आणि ग्रामसभा

ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता भूपती याने आपल्या साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली. १९८० च्या सुमारास त्या अरण्यात सुरू झालेल्या हिंसेच्या अध्यायाचा हा शेवट ठरो, असेच कोणीही म्हणेल. २००९ मध्ये लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले, २०१९ च्या महाराष्ट्रदिनी जांभुळखेड्याच्या स्फोटात १५ जवान व त्यांच्या वाहनाचा चालक प्राणास मुकले. या दोन घटनांच्या आधी, मध्ये आणि नंतर, दोन्ही बाजूंच्या संशयाखाली भरडली गेलेली खेडुतांची संख्या तर याहून मोठी आहे. परंतु शस्त्र खाली ठेवले म्हणजे ते ज्या असंतोषावर पोसले गेले तो असंतोषही संपला, असे समजणे भाबडेपणाचे होईल.

त्या असंतोषाचे मूळ शोधू लागल्यास आपण तेंदूपत्त्याच्या फडावर येऊन पोहोचतो. पुडक्याला मिळणाऱ्या तुटपुंज्या मजुरीचा प्रश्न हाती घेऊनच नक्षलवाद्यांनी आदिवासी गावांत प्रथम पाय रोवले. पुढे मजुरी वाढली, पण कंत्राटदार राहिलाच, आणि त्याच्याकडून खंडणी घेणारेही राहिले. जंगल गावाच्या उशाला, मालकी सरकारची, नफा तिसऱ्याचा आणि धाक चौथ्याचा, अशी ही विचित्र अर्थव्यवस्था होती. तीत गावकऱ्यास मजुराखेरीज दुसरे स्थान नव्हते.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या शंभराच्या आसपास घरांच्या गोंड गावाने हे स्थान नाकारले. १९८० नंतरच्या दशकात इचंपल्ली व भोपालपट्टणम येथील नियोजित धरणांविरुद्ध आदिवासींनी जे आंदोलन केले, त्यात या गावाची जाणीव घडली. देवाजी तोफा यांचे नेतृत्व आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची साथ लाभलेल्या या गावाने दोन नियम मनापासून पाळले. निर्णय बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने घ्यायचा, आणि निर्णयापूर्वी अभ्यासगटात त्या विषयाचा विचार करायचा. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा सर्वत्र गाजली. मात्र तिच्यामागील कंटाळवाण्या, चिकाटीच्या बैठकांची वार्ता फारशी कोठे पोहोचली नाही.

वनाधिकार कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर मेंढ्याचा सामूहिक हक्क मान्य झाला. देशात असा हक्क मिळालेल्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक होय. तरीही बांबू हे गौण वनोपज की झाड, या वादात तो कापून विकण्यास २०११ उजाडले. त्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. तेव्हापासून बांबूचा पैसा ग्रामसभेच्या खात्यात येऊ लागला आणि त्याचा हिशेब गावापुढे मांडला जाऊ लागला.

सामायिक साधनसंपत्तीचा नाश अटळ असतो, हा गॅरेट हार्डिन यांचा १९६८ मधील सिद्धांत अर्थशास्त्राचे विद्यार्थी दीर्घकाळ प्रमाण मानीत आले. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी तो अनेक देशांतील उदाहरणांनी खोडून काढला. वापरणारेच नियम करणारे असतील, राखणही तेच करीत असतील आणि तंटा मिटविण्याची स्वस्त सोय हाताशी असेल, तर सामायिक मालमत्ता टिकते, असे त्यांनी दाखविले. त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते २००९ सालीच, म्हणजे मेंढ्याच्या हक्काच्या वर्षी. हा निव्वळ योगायोग असला तरी बोधप्रद आहे.

यवतमाळकराने या साऱ्याशी काय देणेघेणे ठेवावे? आपल्या जिल्ह्यात गडचिरोलीसारखे सशस्त्र युद्ध नाही, हे खरे. पण संघर्ष नाही, असे कोण म्हणेल? २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा व चापडोह हे जलाशय आटले आणि यवतमाळ शहर पाण्यासाठी रात्र-रात्र जागले. २०२३ च्या जुलैत महागाव तालुक्यात पुराने वेढलेल्या माणसांना वाचविण्यास हवाई दलाला पाचारण करावे लागले. पाच वर्षांत पाण्याची ही दोन टोके आपण पाहिली. तेरा बळींचा ठपका असलेली वाघीण २०१८ च्या नोव्हेंबरात राळेगाव तालुक्यात मारली गेली, तेव्हा चराई, जंगल आणि वन्यप्राणी यांचा गुंता देशासमोर आला. हवामान जसजसे लहरी होत जाईल, तसतसे ओढा, विहीर, कुरण यांवरील तंटे वाढतच जाणार.

मेंढा लहान आणि एकजिनसी गाव आहे, आपली गावे अनेक जातींची व गटातटांची आहेत, असा आक्षेप घेतला जातो. तो रास्त आहे. म्हणूनच मेंढ्याची नक्कल करण्याचे कारण नाही. परंतु शेततळे एकट्याचे असू शकते, ओढा एकट्याचा नसतो. त्याच्या काठावर सहमतीवाचून काहीच टिकत नाही.

याची कायदेशीर व्यवस्था आज आहे. केळापूर, झरी-जामणी, घाटंजी, मारेगाव, राळेगाव या तालुक्यांतील अनुसूचित गावांना पेसा कायद्याचे बळ आहे. आदिवासी उपयोजनेतील ५ टक्के निधी अशा गावांना थेट देण्याचे शासनाने २०१५ मध्ये ठरविले. पोकरा प्रकल्पात ग्राम कृषी संजीवनी समित्या आल्या. २००७ मध्ये तंटामुक्त गाव मोहीमही निघाली. मात्र पुरस्कारासाठी तंटा मिटविणे वेगळे आणि तंट्याचे कारण दूर करणे वेगळे. जिच्या हाती तिजोरी नाही, हिशेब नाही आणि नियम करण्याचा अधिकार नाही, ती ग्रामसभा केवळ सह्यांचे रजिस्टर ठरते.

येथे सुशिक्षितांचे काम सुरू होते. गावचा शिक्षक, कार्यालयातील लिपिक आणि सुटीत घरी आलेला विद्यार्थी यांना कायदा वाचता येतो, अर्ज लिहिता येतो, जमाखर्च तपासता येतो. निधीचा हिशेब ग्रामसभेत मोठ्याने वाचला जावा, एवढा एकच आग्रह त्यांनी धरावा. आरंभी लोक हसतील, काहींचा रोषही ओढवेल. पण ज्या गावाला आपला पैसा मोजता येतो, ते आपले पाणीही मोजू लागते, आणि आपले भांडणही. गडचिरोलीतील बंदुका शांत करण्यास शासनाला चार दशके लागली. आपल्या ओढ्याकाठचे तंटे तेथवर जाऊ द्यावयाचे नसतील, तर येत्या ग्रामसभेचा दिवस चुकवून चालणार नाही.