पास्ता, वरणफळे आणि बुधवारची रात्र

मराठी स्वयंपाकघर पास्त्याने बाटवले, ही खंत अलीकडे व्यासपीठांवरून वारंवार ऐकू येते. नाशिकच्याच एका परिसंवादात एका वक्त्यांनी ती पुन्हा आळवली. घरची आई बुधवारच्या रात्री पास्ता उकळू लागली की संस्कार त्या पाण्याबरोबर मोरीत जातात, असा त्यांचा आशय होता. सभागृहात टाळ्या पडल्या. आम्ही दोघी मराठीच्या प्राध्यापिका. आदल्या रात्री दोघींच्याही घरी पास्ताच झाला होता. आम्ही टाळ्या का वाजवल्या नाहीत, ते येथे मांडत आहोत.

प्रथम धान्याविषयी. पास्ता होतो तो कठीण दाण्याच्या बन्सी गव्हाच्या रव्याचा. आपल्याकडे शेवयांसाठी हाच गहू नावाजला जातो. आमच्या जिल्ह्यातील निफाडच्या गहू संशोधन केंद्राने बन्सीचे जे वाण दिले, त्यांत पंचवटी आणि गोदावरी ही नावे आहेत. टोमॅटो पिंपळगाव बसवंतच्या बाजारातला. तो मूळचा अमेरिका खंडातला. इटलीलाही सोळाव्या शतकापूर्वी ठाऊक नव्हता. तेव्हा बाटले कोण, आणि कोणी बाटवले?

दुसरा मुद्दा परंपरेचा. गव्हाचे पीठ वळून, वाळवून, पुढे उकळून खाणे ही कल्पना आपल्यालाही नवी नाही. शेवया, गव्हले, विदर्भातले काडीभोवती गुंडाळलेले सरगुंडे ही त्याचीच रूपे. मात्र म्हणून वरणफळांना 'देशी पास्ता' म्हणण्याची जी नवी टूम निघाली आहे, तीही आम्हांस मान्य नाही. उकळत्या वरणात शिजलेल्या कणकेच्या त्या चौकोनांना आमसूल आणि गूळ पुरेसे आहेत, इटलीचे प्रमाणपत्र नको. वरणफळे वरणफळेच राहोत आणि पास्ता पास्ताच.

परंतु खरा प्रश्न वेगळाच आहे. वक्त्यांच्या भाषणात शेवया होत्या, चैत्र-वैशाखाच्या उन्हात त्या वळणारे हात मात्र कोठेच नव्हते. पूर्वी रात्रीचा झटपट पदार्थ झटपट होई, कारण त्यामागे घरातल्या बायकांचे उन्हाळ्यातले कित्येक दिवस वाळवणात गेलेले असत. त्या श्रमांची नोंद कोणी ठेवली नाही. आज सायंकाळी सात वाजता उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन घरी परतणारी स्त्री डाळ शिजवून, कणीक मळून, लाटून, कापून वरणफळे करू लागली तर तासभर सहज जातो. पास्ता दहा-बारा मिनिटांत शिजतो. तेवढ्यात कांदा-लसूण परतून टोमॅटो आटतो. मुले तृप्त होतात आणि तिला अर्धा तास मिळतो. त्या अर्ध्या तासात ती वाचेल, की नुसतीच बसून राहील, हा तिचा प्रश्न.

संस्कृती टिकावी असे आम्हांलाही वाटते. वरणफळे आम्हांलाही प्रिय आहेत. पण जी संस्कृती केवळ एकाच व्यक्तीच्या पाठदुखीवर टिकते, तिच्या ऱ्हासाचा शोक इतरांनी करावा, यात आम्हांस दांभिकपणा दिसतो. ज्यांना खंत आहे त्यांनी कणीक मळावी. वार बुधवारच असावा. आम्ही आनंदाने जेवावयास येऊ. गठ्ठा सोबत आणू.