उद्घाटनानंतरचे काम

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावीपासूनच्या विद्यार्थ्यांना आज्ञावली-लेखनाची ओळख करून देण्याचा विचार मांडला आणि ‘कोडिंग’ हा शब्द मध्यमवर्गीय घराघरांत पोहोचला. त्याच सुमारास खासगी शिकवण्यांच्या जाहिरातींनी पालकांना अशी धास्ती घातली, की आठव्या वर्षी ‘अ‍ॅप’ न बनवणारे मूल जन्माचे मागे पडणार! भरमसाट शुल्के भरली गेली. अनेकांच्या हाती प्रमाणपत्रापलीकडे फारसे काही लागले नाही.

वास्तविक ही विद्या पोहण्यासारखी आहे. व्याख्याने ऐकून ती येत नाही. लहान लहान उदाहरणे स्वतः सोडवावी लागतात, चुकावे लागते आणि चूक कोठे झाली हे सांगणारा कोणी जाणता जवळ असावा लागतो. ही गरज ओळखून कॉलिन ह्यूज या ब्रिटिश गणितशिक्षकाने २००१ साली ‘प्रोजेक्ट ऑयलर’ सुरू केले. त्यातील पहिला प्रश्न १००० पेक्षा लहान असलेल्या, ३ किंवा ५ने भाग जाणाऱ्या संख्यांची बेरीज विचारतो. २०१३ मध्ये कॅट्रिना ओवेन यांनी ‘एक्झरसिझम’ उभारले. तेथे सत्तरहून अधिक संगणकीय भाषांतील सराव विनामूल्य मिळतो आणि विद्यार्थ्याचे उत्तर वाचून सूचना देणारे मार्गदर्शक स्वयंसेवक असतात. सेवाभाव ही कोणा एका देशाची मिरासदारी नाही, हे येथे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

मराठीत असे काही का नसावे? २०२१ पासून अभियांत्रिकीचे शिक्षण मराठीतून घेण्याची वाट खुली झाली. पण मराठीतून उदाहरण वाचून, सोडवून, तपासून घेण्याची सोय त्या प्रमाणात वाढली नाही. तांत्रिक अडसर तर राहिलेलाच नाही. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीत चलांना देवनागरी नावे देता येतात, देवनागरी अंकांत लिहिलेले ‘१२’ ती संख्या म्हणून वाचू शकते. ‘एक्झरसिझम’ची उदाहरणे मुक्त परवान्याखाली असल्याने त्यांचा अनुवाद करण्यासही आडकाठी नाही. मात्र नुसत्या अनुवादावर समाधान मानणे हा आळस ठरेल. लघु-गुरूंच्या किती रचना संभवतात, हे मोजताना हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात मांडलेली १, २, ३, ५, ८ ही मालिका फिबोनाचीच्या आधीची आहे. भाषणात हा दाखला हमखास टाळ्या मिळवतो. त्याचे उदाहरण करून दहावीच्या मुलाला सोडवायला देणारे हात मात्र थोडे.

कारण ते काम किचकट आहे. लीप वर्ष ओळखण्याचे साधे उदाहरण घ्यावे. ‘४ने भाग जातो’ एवढीच अट लिहिणारा विद्यार्थी २०२४ला बरोबर ठरतो आणि १९००ला फसतो. शतकी वर्षांची अट घालून ४००चा अपवाद विसरणारा २०००ला फसतो. ही तिन्ही वर्षे चाचणीत घालण्याचे भान उदाहरण लिहिणाऱ्याला हवे. नाही तर चुकीच्या उत्तराला शाबासकी मिळेल. एखाद्याची न थांबणारी आज्ञावली सगळी यंत्रणा अडवून धरणार नाही, याची तजवीज हवी. मुलांची माहिती गरजेपुरतीच घ्यावी. २०१४ मध्ये ‘प्रोजेक्ट ऑयलर’चीही सुरक्षा भेदली गेली होती. यातले काहीही उद्घाटनाच्या छायाचित्रात दिसत नाही. दीपप्रज्वलनाने सुरू होऊन वर्षभरात धूळ खाणारी संकेतस्थळे कार्यकर्त्यांनी पुरेशी पाहिली आहेत.

चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला. शके ११२८ची, म्हणजे १२०७ सालची नोंद असलेला तेथील शिलालेख विद्वत्तेची थोरवी गाऊन थांबत नाही. मठाला कोणी काय द्यायचे, हेही तो सांगतो. राजाने तर दिलेच, पण तेलाच्या घाण्यांवरही थोड्या थोड्या तेलाचा वाटा बसवलेला होता.

आजचा घाणा पुण्या-ठाण्याच्या संगणक कचेऱ्यांत आहे आणि परदेशी स्थिरावलेल्या मराठी अभियंत्यांच्या घरीही. त्यांच्याकडून पैशापेक्षा आठवड्याचे दोन तास अधिक मोलाचे आहेत. आरंभ पन्नास उदाहरणांनी झाला तरी चालेल. प्रत्येकाचा पाठराखा मात्र आधी ठरावा. एखाद्या गावातील मुलीचे अडलेले उत्तर मार्चअखेरीच्या धांदलीतही कोण वाचणार, त्याचे नाव पहिल्याच बैठकीत लिहून घ्यावे.