मळ्यावरच्या माणसांचं मत

श्रीलंका म्हटलं की आम्हा बौद्धांना १९५० साली कँडीच्या परिषदेला गेलेले बाबासाहेब आठवतात. पण तिथल्या चहामळ्यांवर राबणाऱ्या तमिळ मजुरांबद्दल आम्ही गप्प का? इंग्रजांनी नेलेल्या या मजुरांत मोठा भाग दलित जातींचा. १९४७ ला त्यांनी आपले खासदार निवडून आणले. देश स्वतंत्र झाला आणि १९४८ च्या कायद्याने बहुतेकांचं नागरिकत्व नाकारलं. १९४९ ला मतही गेलं. तेव्हा जाफन्याचे वेल्लाळ पुढारी जी. जी. पोन्नंबलम मंत्रिमंडळात होते. (तमिळ अस्मिता तेव्हा कुठे होती?) बुद्धाचं नाव घेणाऱ्या सत्तेलाही आम्ही हाच जाब विचारणार. १९६४ ला शास्त्री-सिरिमावो करार झाला: ५,२५,००० माणसं भारताने घ्यायची, ३,००,००० तिकडे ठेवायची, दीड लाखांचं नंतर बघू. मळ्यावर कुणी विचारायला गेलं नाही.