नाकतोड्यावर कटला येत नाही, साहेब!

जाळं टाकणारा धंदेवाईक आणि काठीला गळ बांधून बसणारा चोर, हा न्याय कोणी ठरवला? आपल्या जिल्ह्यात हे एकदा कोणीतरी मोठ्यानं विचारायला पाहिजे. कोणी विचारत नाही, म्हणून मी विचारतोय. पोस्ट लांब आहे. मासे खाणाऱ्यांनी वाचा, आणि न खाणाऱ्यांनी तर नक्कीच वाचा, कारण हा प्रश्न माशापेक्षा पाण्याचा जास्त आहे.

आपल्या चिखलीच्या आजूबाजूला पाणी काही कमी नाही. पैनगंगा बुलढाण्याकडून निघते, येळगावच्या धरणात थांबते, आपल्या तालुक्यातून पुढे पेनटाकळीला अडते. तिकडे देऊळगाव राजाच्या बाजूला खडकपूर्णा. शिवाय गावोगावचे पाझर तलाव वेगळेच. हे सगळं पाणी सरकारचं, म्हणजे तुमचं-माझं. ज्यांची शेतं धरणात गेली त्यांचं तर अगोदर. पण त्याच्या काठावर संध्याकाळी एक काठी घेऊन बसलं, की दहा मिनिटांत कोणीतरी मोटारसायकलवर येतं. "काहून बसला रे इथं? उठ."

मला असं दोनदा उठवलंय. तलावाचं नाव घेत नाही, कारण भांडण त्या माणसाशी नाही. तो बिचारा रोजावर राखण करतो. भांडण त्या व्यवस्थेशी आहे, जिच्यात गळवाला नावाचा माणूस कागदावर कुठेच नाही.

गळवाले म्हणजे कोण, ते आधी सांगतो. निवृत्त मास्तर, सुट्टीला आलेला जवान, कॉलेजची पोरं, दिवसभर सोयाबीन सोंगून आलेला मजूर. काठी एक, दोरी एक, गळ एक. मिळालं तर घरच्यापुरतं कालवण, नाही मिळालं तर दोन तास शांत बसणं.

भाद्रपद-आश्विनात गळवाल्याचं आमिष असतो नाकतोडा. पावसानं काठाचं गवत कमरेइतकं झालेलं असतं, त्यात नाकतोडेच नाकतोडे. दुपारनंतर वारा सुटला की त्यातले काही उडता उडता पाण्यात पडतात आणि पाय झाडत राहतात. खाली मरळ वाट बघत असते. डोक्यामागच्या कडक भागातून गळ अलगद ओवला की नाकतोडा जिवंत राहतो, पाय मारत राहतो. शिसं लावायचं नाही, वरच्यावर सोडायचा. पाणी एकदम फुटतं, दोरी ताणते. ज्यानं एकदा हे अनुभवलं, त्याला दुसरं व्यसन लागत नाही.

आता गंमत बघा. अमेरिकेत ट्राउट नावाच्या थंड पाण्यातल्या माशासाठी लोक हेच करतात. फक्त नाकतोडा खरा नसतो. हरणाचे केस, पिसं, दोरा गळाला बांधून हुबेहूब नाकतोडा बनवतात. डेव्ह व्हिटलॉक नावाच्या माणसानं बांधलेला 'डेव्हज हॉपर' तर जगभरच्या गळवाल्यांना माहीत आहे. तिथेही हंगाम तोच, उन्हाळा सरता सरता, काठावर गवत माजलेलं असताना. तिथेही वारा नाकतोड्याला पाण्यात ढकलतो आणि मासा काठालगत टपून बसतो. आपला शेतमजूर जे बिनखर्चात करतो, त्यावर तिकडे पुस्तकं निघतात, दुकानं चालतात, गावांत पर्यटक येतात.

तिकडे कशाला, आपल्याच देशात बघा. इंग्रजांनी 1900 च्या सुमारास काश्मीरच्या नद्यांत ट्राउट आणून सोडला. आज तिथला मत्स्यव्यवसाय विभाग नदीचे टप्पे पाडतो, एकेका टप्प्याचा दिवसाचा परवाना देतो, किती मासे घ्यायचे याला मर्यादा घालतो. हिमाचलातही परवाना आहे आणि हिवाळ्यात ट्राउटला हात लावायचा नाही असा नियम आहे. म्हणजे गळवाला तिथे सरकारला दिसतो. त्याच्याकडून पैसे घेतात, त्याला नियम लावतात, आणि त्या बदल्यात त्याला मानानं बसू देतात.

काश्मीर लांब वाटतं? मग मुंबईला चला. पवई तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन कित्येक दशकांपासून गळाच्या मासेमारीची व्यवस्था बघते आहे. सभासद होतात, गळ टाकतात, तलावाची काळजीही घेतात. तेच महाराष्ट्र राज्य, तोच गळ. पवईला बसला तो अँगलर आणि पेनटाकळीला बसला तो चोर?

यावर मला ठरलेलं उत्तर मिळतं: "तलाव ठेक्यानं दिला आहे. संस्थेनं मत्स्यबीज सोडलंय. तुम्ही ते मासे नेता."

मुद्दा गंभीर आहे, त्यामुळे उत्तरही नीट देतो. मच्छीमार सहकारी संस्थांचा हक्क मला पूर्ण मान्य आहे. भोई समाजाची पिढ्यान् पिढ्यांची रोजीरोटी आहे ती, आणि धरणं झाली तेव्हा त्यांचे नदीतले डोह गेले. ठेका त्यांनाच मिळाला पाहिजे, कोण्या धनदांडग्याला नाही. पण त्या तलावात सोडतात काय? बोटुकली सोडतात ती मुख्यतः कटला, रोहू आणि मृगळाची. आता या तिघांचं जेवण बघा. कटला वरच्या थरातले सूक्ष्म जीव गाळून खातो. रोहू शेवाळ, वनस्पती खातो. मृगळ तळाचा गाळ, कुजलेलं चिवडतो. नाकतोड्यावर झडप घालणारा यातला कोण? मुद्दाम कटला-रोहू पाहिजे असेल, तर कणकेचा गोळा लावावा लागतो.

नाकतोड्यावर येते मरळ. येतो चिलापी. येतात काठाची बारकी गावठी मासळी. यातलं काहीही संस्थेनं विकत आणून सोडलेलं नसतं. उलट मरळ ही शिकारी, बोटुकली गट्ट करणारी. मत्स्यबीज सोडण्याआधी तळ्यातून शिकारी मासे काढून टाका, हे मत्स्यशेतीच्या कुठल्याही प्रशिक्षणात शिकवतात. आणि चिलापी तर भरमसाट पिल्लं घालून कटला-रोहूच्या तोंडचं खाणारा पाहुणा. म्हणजे नाकतोडा लावून बसलेला माणूस संस्थेचं राखणच करतोय, तेही फुकट! त्याला हाकलायचं की चहा पाजायचा, ते तुम्हीच ठरवा.

दुसरा आक्षेप: "आज एकाला बसू दिलं, तर उद्या शंभर येतील. दारू पितील, बाटल्या फोडतील, बुडून मरतील." खरं आहे, काही टोळकी तशी येतात. पण दारू पिणाऱ्याला दारूसाठी धरा ना, गळासाठी का? आणि परवाना असला, नोंदवहीत नाव असलं, तर कोण आलं, कुठे बसलं, कधी गेलं हे कळेल तरी. आज चोरून बसावं लागतं म्हणून माणूस अंधारात, आडबाजूच्या निसरड्या जागी बसतो. धोका बंदीनं कमी होत नाही, तो फक्त दिसेनासा होतो.

आणि खरे चोर कोण, ते पण बोलू. मच्छरदाणीसारख्या बारीक आसाचं जाळं लावून ऐन पावसाळ्यात, अंड्यानं पोट भरलेली मासळी ओरबाडणारे कोण आहेत? उन्हाळ्यात नदीच्या उरल्यासुरल्या डोहात विषारी औषध टाकून सगळा डोह उताणा पाडणारे कोण आहेत? सुरुंगाची दारू आणि विष वापरून मासे मारायला या देशात 1897 सालच्या मत्स्य कायद्यानं बंदी आहे. सव्वाशे वर्षं झाली. समुद्रात तर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारीच बंद असते, माशाला वीण घालू द्या म्हणून. आमच्या नदीतल्या माशाला काय वीण नसते? ते कोणी बघत नाही. एका गळाला एका वेळी एक मासा लागतो, लहान असला तर सोडून देता येतो. जाळ्यात आणि विषात तसं काही नसतं. पण मोटारसायकल धावते ती काठीवाल्याच्याच मागे.

आता नाकतोड्याबद्दल, कारण पोस्टचं खरं दुखणं तेच आहे.

मागच्या काही वर्षांत आश्विनात काठाच्या गवतातून चाललं की पायापुढून उडणारे नाकतोडे कमी दिसतात. हे माझ्या डोळ्यांनी बघितलेलं सांगतोय, त्याचा आकडा माझ्याकडे नाही. पण कारणाचा अंदाज कोणालाही येईल. चिखली म्हणजे सोयाबीन, आणि सोयाबीन म्हणजे फवारणी. खोडमाशी, चक्रीभुंगा, अळी, सगळ्यांवर औषध. लॅम्बडा सायहॅलोथ्रिनसारखी औषधं आपल्याकडे सर्रास वापरतात, आणि ती माशांना अतिशय विषारी असतात, हे त्या बाटलीवरच्या सूचनांत छापलेलं असतं. फवारणी झाली की पंप धुतो कुठे आपण? नाल्यात. नाला जातो कुठे? तलावात. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन 20 हून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. जे औषध धडधाकट माणसाला आडवं करतं, ते नाल्यातल्या मरळीच्या पिल्लाचं काय करत असेल?

मी शेतकऱ्याला दोष देत नाही. अळी पीक खात असताना "निसर्ग वाचवा" म्हणणं सोपं असतं. मे 2020 मध्ये टोळधाड विदर्भात शिरली, तेव्हा अमरावती-नागपूरकडे लोकांनी रात्री जागून काढल्या. तेव्हापासून दिसेल तो नाकतोडा शत्रू वाटायला लागला. पण टोळधाड वेगळी आणि आपल्या बांधावरचा नाकतोडा वेगळा. बांधावरच्या नाकतोड्यावर साळुंकी जगते, बगळा जगतो, सरडा जगतो, मरळ जगते.

आणि "किडे काय संपणार आहेत का" असं म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. 1870 च्या दशकात अमेरिकेत रॉकी माउंटन टोळांच्या इतक्या प्रचंड धाडी आल्या की आकाश झाकलं गेलं. लोकांना वाटलं, हे कधीच संपणार नाहीत. 1902 नंतर त्या जातीचा एकही जिवंत टोळ कोणाला मिळालेला नाही. तीस वर्षांत खलास. नदीकाठच्या ज्या जमिनीत ते अंडी घालायचे ती नांगरली गेली, हे त्यामागचं मोठं कारण मानतात. मुद्दाम कोणी संपवायला गेलं नव्हतं. नुसता काठ गेला आणि जात गेली. आपणही काठापर्यंत नांगरतोय, पेटवतोय, फवारतोय.

काठावर रोज बसणारा माणूस हे सगळ्यात आधी बघतो. पाण्याला फेस आला, मासे वर तोंड काढायला लागले, रात्री ट्रॅक्टर येऊन वाळू नेताहेत, हे ऑफिसात बसून कळत नाही. गळवाल्याला काठावरून उठवलंत की तलावाचा फुकटचा पहारेकरी जातो. मग अंधारात कोण काय करतं, ते बघायला कोणी उरत नाही.

म्हणून मागण्या साध्या आहेत:

1. ठेक्याच्या तलावांवर एका माणसाला एक काठी, असा दिवसाचा परवाना सुरू करा. फी माफक ठेवा आणि ती मच्छीमार संस्थेलाच द्या. त्यांचं उत्पन्न वाढेल, भांडण मिटेल.

2. परवानावाल्यानं कटला, रोहू, मृगळ लागला तर जागेवर सोडायचा किंवा संस्थेच्या भावानं विकत घ्यायचा. लहान मासा परत पाण्यात. विक्री केली तर परवाना रद्द.

3. पावसाळ्यात विणीच्या काळात सगळ्यांनाच बंदी. गळालाही, जाळ्यालाही. बारीक आसाची जाळी जप्त करा.

4. नाल्यात आणि तलावात फवारणी पंप धुवायला मनाई, आणि काठाला गवताचा एक पट्टा न नांगरता, न फवारता राखायचा.

यातलं एकही काम कोट्यवधींचं नाही. गावतलावांपुरता ठराव तर ग्रामसभाही करू शकते. 2 ऑक्टोबरची ग्रामसभा नाकतोड्याच्या हंगामातच येते. मोठ्या धरणांसाठी बुलढाण्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला निवेदन द्यायचं आहे. मसुदा मी लिहिलाय. ज्यांना सही करायची आहे त्यांनी खाली गावाचं नाव टाका. मच्छीमार संस्थांच्या सभासदांनी तर जरूर बोला, विरोधात असाल तरी बोला. तुम्हाला वगळून हे होऊ नये, आणि होणारही नाही.

तोवर कोणी "चोर" म्हणून उठवायला आलंच, तर भांडू नका. दोरी ओढून आमिष दाखवा आणि एवढंच विचारा: "दादा, यावर कटला येतो का?"