थांब गं, जरा दम घेऊ दे!

गेल्या वर्षीच्या आखाजीची गोष्ट. आम्ही जळगावहून धुळे जिल्ह्यातल्या आमच्या गावी गेलो होतो. खापरावरचे मांडे करावेत तर आमच्या सासूबाईंनीच! पण त्या दिवशी दोन मांडे टाकले नि त्या चुलीपुढून उठून ओट्यावर जाऊन बसल्या. "थांब गं, जरा दम घेऊ दे."

खरं सांगते मैत्रिणींनो, मला मनातून रागच आला. माहेरवाशिणी आलेल्या, पंगत खोळंबलेली, आणि ह्या मध्येच उठतात! नणंदबाई म्हणाल्या, "वय झालं आता आईचं." विषय तिथेच संपला.

तो संपायला नको होता. पावसाळ्यात त्या आमच्याकडे आल्या, तेव्हा एक जिना चढताना तीनदा टेकल्या. वेणी घालायला हात वर केला तरी धाप लागे. दोन वर्षं 'दमा' म्हणून नुसत्या खोकल्याच्या बाटल्या चालल्या होत्या. इथल्या छातीच्या डॉक्टरांनी नळीत जोरानं फुंकायला लावून श्वास मोजला, फोटो काढले, आणि विचारलं, "विडी ओढता का?"

"अगं बाई, नाही!"

"मग चूल किती वर्षं?"

सासूबाईंनी बोटं मोजली. "लग्नाला त्रेपन्न वर्षं झाली. त्याआधी माहेरची."

उत्तर त्यातच होतं. आजाराचं नाव एम्फिसिमा. आपल्या फुप्फुसात द्राक्षाच्या घडासारख्या कोट्यवधी बारीक हवेच्या पिशव्या असतात. वर्षानुवर्षं धूर गेला की त्यांच्या भिंती विरतात, लहान पिशव्या मिळून एक मोठी सैल पिशवी होते. मग हवा आत जाते, पण पुरती बाहेर पडत नाही. आधीची हवा कोंडलेली, नवी शिरणार कुठे? विरलेला भाग पुन्हा जुळत नाही. पण पुढची झीज मंदावता येते आणि त्रासही पुष्कळ कमी होतो.

विडी-सिगारेट हे याचं मोठं कारण. पण पराट्या आणि गोवऱ्यांचा धूर फुंकणीनं फुंकणाऱ्या बायकांनाही तो सोडत नाही. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, गावोगावी सिलिंडर पोचले. तरी पाणी तापवायला आणि भाकरीला चूल पुष्कळ घरी पेटतेच. शहरातल्या आपणही निर्धास्त नको. डासांची एक कॉइल जळते, तेव्हा निघणाऱ्या बारीक कणांचं वजन ७५ ते १३७ सिगारेटींइतकं भरतं, असं २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळलं. मच्छरदाणी काय वाईट?

आता आमच्या घरी काय करतो, ते सांगते.

नाकानं श्वास घ्यायचा, आणि गरम चहावर फुंकर घालतो तसे ओठ करून दुप्पट वेळ सावकाश सोडायचा. धाप लागली की आधी हेच.

जेवण थोडं थोडं, चार-पाच वेळा. पोट गच्च भरलं की श्वासाला जागा उरत नाही. या आजारात माणूस वाळतं, म्हणून डाळ, दूध, अंडं चुकवत नाही.

आंघोळ स्टुलावर बसून. रोज झेपेल तेवढं चालणं. नुसतं निजून राहिलं तर ताकद आणखी जाते.

इनहेलरची सवय लागते, हा गैरसमज. तो कसा ओढायचा ते डॉक्टरांसमोर करून दाखवावं, आणि नंतर चूळ भरावी. लशींबद्दलही विचारून घ्यावं.

कफ पिवळा-हिरवा झाला, पायांवर सूज आली, तर डॉक्टरांना लगेच दाखवावं. ओठ निळे पडले किंवा माणूस गुंगीत वाटलं, तर तडक दवाखाना गाठावा. धुळ्याला श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. जळगावलाही २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

यंदाच्या आखाजीला मांडे मी केले, अंगणात गॅसच्या शेगडीवर खापर ठेवून. पहिले दोन फाटले. सासूबाई लांब खुर्चीत बसून म्हणाल्या, "घाई करू नको. थांब, जरा दम घे."

तुमच्या घरात कुणी काम अर्धवट टाकून बसत असेल, तर रागावण्याआधी एकदा तिचा श्वास मोजून घ्या. मी उशीर केला.