मिसलेनियस किचन आयटम्स

सुरुवातीलाच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने पदरात घ्याव्यात! पण हा लेख इंग्रजी विभागात देणं शक्यच नव्हतं, कारण माझं इंग्रजी पहिल्यांदा कुठे तोंडावर आपटलं त्याचीच ही गोष्ट आहे.

माझी ताई आणि जिजू कायमचे कॅनडाला निघाले. सामान मागून बोटीने जाणार होतं. तिकडच्या कस्टम्सचा नियम असा, की तुम्ही राहायला म्हणून देशात पहिल्यांदा उतराल तेव्हाच सोबतच्या आणि मागून येणाऱ्या सगळ्या सामानाची यादी ऑफिसरकडे द्यायची. वस्तू, किंमत आणि जिथे असेल तिथे मेक, मॉडेल, सीरियल नंबर. मागून आलेली वस्तू यादीत नसेल तर तिच्यावर ड्यूटी लागू शकते. घरात एक (होऊ घातलेली) इंजिनियर आहे म्हणून हे काम दिवाळीच्या सुट्टीत माझ्या गळ्यात पडलं. मला वाटलं, एक्सेल शीट उघडायची, दोन तासांत संपलं. जर्नल कम्प्लीट करण्यासारखंच!

पॅकर्सच्या माणसाने त्याची तयार यादी दाखवली. आमचं अख्खं स्वयंपाकघर त्यात एका ओळीत बसलं होतं : 'मिसलेनियस किचन आयटम्स, बॉक्स ३'. म्हणाला, "सगळे असंच लिहितात, मॅडम." लिहीत असतीलही. पण माझं स्पष्ट मत आहे, की असली यादी म्हणजे कॉपी केलेलं सबमिशन. व्हायवाला पहिला प्रश्न विचारला की आपण गारद! बॉक्स ३ उघडला किंवा हरवला, तर आत काय होतं हे त्या पॅकर्सना थोडंच माहीत असणार?

मग मी आणि आई जमिनीवर बसकण मारून एकेक वस्तू लिहायला लागलो. पहिलीच वस्तू विळी. बारा वर्षं इंग्रजी मीडियम, आणि विळीला शब्द सापडेना! शेवटी लिहिलं, 'फ्लोअर नाइफ विथ कोकोनट स्क्रेपर'. सोऱ्या झाला 'ब्रास स्नॅक प्रेस, हँड ऑपरेटेड'. पुरणयंत्रापाशी मी हात टेकले. खरं सांगायचं तर त्यातल्या निम्म्या वस्तूंची मराठी नावंही मला त्या दिवशीच कळली. आई हसत होती, मग मध्येच गप्प व्हायची आणि "हे राहू दे, हे मला लागतं" म्हणून काहीतरी बाजूला काढायची. थोड्या वेळाने तेच परत ढिगात ठेवायची.

मिक्सरचा सीरियल नंबर मी भिंग लावून वाचला, टाइपही केला, आणि नंतर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपलं व्होल्टेज २३०, त्यांचं १२०. थर्ड इयर इलेक्ट्रिकलच्या मुलीला हे शेवटी आठवावं! मिक्सर राहिला.

खरी वादावादी झाली ती किमतींवरून. काकांचं म्हणणं, "कस्टम्सला कमी दाखवा, इन्शुरन्सला जास्त दाखवा. जगरहाटी आहे." म्हणजे एकाच कपाटाच्या दोन किमती, आणि दोन्ही कागदांवर सही ताईची! उद्या कपाट फुटलं आणि क्लेम करायची वेळ आली, तर कोणता कागद पुढे करायचा? शिवाय वस्तू आधीपासून तुमच्या मालकीची, ताब्यातली आणि वापरलेली असेल तरच ती तिकडे ड्यूटीशिवाय जाते. मावशीने दिलेला डिनर सेट अजून खोक्यातच होता. काका म्हणाले, "यूज्ड लिहून टाक, कोण बघतंय?" ताईने खोका फोडला आणि पुढचे आठ दिवस आम्ही सगळे त्याच ताटांत जेवलो. आठव्या दिवशी तिने 'यूज्ड' लिहिलं. मला ताईचं हेच आवडतं.

समईला मात्र अशी काही युक्ती चालणार नव्हती. पणजीच्या १९२३ च्या लग्नातली पितळी समई, ताईला द्यायची असं आजीने कधीच ठरवून ठेवलं होतं. आपल्याकडे १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे. शंभर वर्षं झालेली कलाकुसरीची वस्तू खाजगी माणसाला अशी देशाबाहेर नेता येत नाही, आणि एखादी वस्तू पुरावस्तू आहे की नाही हे पुरातत्त्व खातं ठरवतं. दाखला मागायला तेवढा वेळ उरला नव्हता. पुन्हा काका : "वीस वर्षं जुनी म्हणा." यावर आजी जी भडकली! "माझ्या सासूबाईंच्या समईचं वय चोरायचं? राहू दे ती इथेच." ताई रडली, पण ती ओळ तिने स्वतः डिलीट केली.

यादी शेवटी २१२ ओळींची झाली. पोचल्यावर ताईचा फोन आला. ऑफिसरने यादी चाळली, एक प्रत शिक्का मारून परत दिली आणि एकच प्रश्न विचारला : "हे स्नॅक प्रेस म्हणजे नक्की काय?" ताईने विमानतळावर उभ्या उभ्या त्याला चकली समजावून सांगितली.